फर्नांडो व्हॅलेन्झुएला एवढा लाडका का होता? क्रिकेटवाल्यांसाठी सोप्या भाषेत

आधी आकडे बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. फर्नांडो व्हॅलेन्झुएला, बेसबॉलचा डावखुरा पिचर, कारकिर्दीत 173 सामने जिंकले आणि 153 हरले. चांगलं आहे, पण अगदी थोरांच्या यादीत बसवावं असं काही नाही. हॉल ऑफ फेमसाठी 2003 साली त्याचं नाव मतदानाला आलं तेव्हा 6.2 टक्के मतं पडली, पुढच्या वर्षी 3.8 टक्के, आणि 5 टक्क्यांच्या खाली गेलं की नाव त्या मतदानाच्या यादीतून कायमचं बाद होतं, तसं ते झालं. आता दुसरी बाजू बघा. ऑक्टोबर 2024 मधे तो गेला तेव्हा लॉस एंजेलिसमधे पन्नाशीतली माणसं, बायका, त्यांची पोरं, सगळी त्याची 34 नंबरची जर्सी घालून डॉजर स्टेडियमच्या (त्याच्या टीमचं, लॉस एंजेलिस डॉजर्सचं मैदान) बाहेर मेणबत्त्या आणि फुलं घेऊन आली होती. ज्यांनी त्याला शेवटचं खेळताना बघितलं तेव्हा ते शाळेत होते अशी माणसं रडत होती.

मग हे गणित जुळतं कसं? मी गेली बरीच वर्षं याच शहरात राहतोय आणि मला वाटतं हे समजायला तीन गोष्टी समजून घ्यायला लागतात, एक त्याचा बॉल, दुसरी एक जमीन आणि तिसरी म्हणजे रेडिओ. बेसबॉलचं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल, क्रिकेट कळतं ना, बास.

बॉलपासून सुरू करू. पिचर म्हणजे आपला बोलर, पण रन-अप नाही, एका मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभं राहून टाकायचं. समोर 18.44 मीटरवर बॅट्समन (आपली पिच 20.12 मीटर, म्हणजे थोडं जवळच). बॉल टप्पा खात नाही, थेट फुलटॉस जातो, त्यामुळे पिचकडून काहीच मदत नाही, ना क्रॅक ना धूळ ना दव, जी काय करामत करायची ती हवेतच. बॉल गरागरा फिरत गेला की त्याच्यावरची शिवण आजूबाजूची हवा ओढते आणि ज्या बाजूला फिरतोय त्या बाजूला बॉल वळतो. याला मॅग्नस इफेक्ट म्हणतात, आपल्या स्पिनरचा ड्रिफ्ट आणि डिप यानेच होतो. फास्टबॉल मागच्या बाजूला फिरतो म्हणून कमी खाली पडतो, कर्व्हबॉल पुढे फिरतो म्हणून बॅट्समनजवळ येऊन एकदम खाली बसतो.

आता डावखुऱ्या पिचरचा नेहमीचा कर्व्हबॉल उजव्या बॅट्समनच्या अंगात येतो. शेकडो वेळा बघून बॅट्समनला त्याची सवय झालेली असते. फर्नांडोचा खास बॉल होता स्क्रूबॉल, तो याच्या बरोब्बर उलटा, उजव्या बॅट्समनपासून बाहेर पळायचा आणि शिवाय खाली बसायचा. कुलदीप यादवची गुगली आठवा. डावखुरा रिस्ट स्पिनर, नेहमीचा बॉल आत येणारा आणि गुगली बाहेर जाणारी, हात मात्र तसाच. फर्नांडोचं अगदी तेच, फक्त टप्पा न पडता.

हे करायचं कसं तर मनगट उलटं फिरवून. डाव्या हाताने समोरच्या भिंतीत स्क्रू पिळून घट्ट करताना हात जसा आत वळतो, अंगठा खाली आणि तळवा बाहेर, तसा हात बॉल सोडायच्या आधीच वळवायचा, आणि तेही पूर्ण जोरात फेकत असताना. एकदा नुसता हात वर करून करून बघा, खांद्यापासून कोपरापर्यंत ताण कळतो. म्हणूनच हा बॉल टाकणारे सगळ्या इतिहासात मोजकेच. शंभर वर्षांपूर्वी ख्रिस्टी मॅथ्यूसन टाकायचा, मग 1930 च्या दशकात कार्ल हबल, त्याचा तर डावा तळवा शेवटी शेवटी हात खाली सोडला तरी बाहेरच्या बाजूला वळलेला राहायचा असं त्याला बघितलेल्या लोकांनी लिहून ठेवलंय. आजचे कोच पोरांना हा बॉल शिकवायलाच घाबरतात, त्याच्याऐवजी चेंजअप शिकवतात, ज्यात हात कमी पिळतो आणि बॉल थोडाफार तसाच जातो.

फर्नांडो काही स्क्रूबॉल घेऊन जन्माला आला नव्हता. मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यात एच्चोवाकिला नावाचं छोटंसं गाव आहे, नावोहोआ शहराजवळ. तिथल्या शेतकरी घरात 1 नोव्हेंबर 1960 ला जन्म, बारा भावंडांत सगळ्यात धाकटा. डॉजर्सचा स्काऊट, म्हणजे खेळाडू शोधणारा, माइक ब्रिटो 1978 साली मेक्सिकोत एका दुसऱ्याच पोराला, शॉर्टस्टॉप या फील्डिंगच्या जागेवर खेळणाऱ्याला बघायला गेला होता आणि नजर गेली समोरच्या टीममधल्या या गोलमटोल डावखुऱ्यावर. 1979 मधे डॉजर्सनी 1 लाख 20 हजार डॉलर देऊन त्याला घेतलं. पण टीमच्या लोकांना वाटलं याच्याकडे अजून एक हत्यार पाहिजे, तेव्हा बॉबी कॅस्टिलो नावाच्या डॉजर्सच्याच पिचरला त्याला स्क्रूबॉल शिकवायला सांगितलं. बॉबी स्वतः लॉस एंजेलिसच्या ईस्ट साइडचा, मेक्सिकन घरातला. पोराने तो बॉल अशा झपाट्याने उचलला की थोड्याच दिवसात तो दोन वेगवेगळ्या स्पीडने टाकायला लागला, एक जरा वेगात आणि एक एकदम हळू. शिकवणाऱ्यापेक्षा शिकणारा कधीच पुढे निघून गेला.

आणि मग 1981. सीझनचा पहिला सामना, 9 एप्रिल, पहिला पिचर जेरी रॉइस जखमी, त्याच्या जागी दुसरा तोही तयार नाही, म्हणून मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच) टॉमी लसोर्डाने या वीस वर्षाच्या पोराला उभं केलं, ज्याने मेजर लीगमधे (अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) तोवर एकही सामना सुरुवातीपासून टाकलेला नव्हता. त्याने ह्यूस्टनला नऊच्या नऊ इनिंग (बेसबॉलचा सामना नऊ छोट्या इनिंगचा असतो) टाकून शून्यावर ठेवलं. 2-0. याला शटआउट म्हणतात, एकाच पिचरने सगळा सामना टाकायचा आणि एक रन द्यायचा नाही. लोक म्हणाले नशीब. मग पुढचा जिंकला, त्याच्या पुढचा जिंकला, करत करत पहिले आठच्या आठ सामने जिंकले, त्यातले पाच शटआउट, आणि सरासरी नऊ इनिंगमागे फक्त अर्धा रन. 22 एप्रिलला ह्यूस्टनमधे सामना 1-0 असा जिंकला आणि तो एक रनसुद्धा त्याच्याच बॅटमधून आला, तेव्हा त्या लीगमधे पिचरना बॅटिंग करायला लागायची. मला तर हा सामना त्या सगळ्या आठांतला सगळ्यात भारी वाटतो.

त्याची ॲक्शन बघायला हवी. दोन्ही हात डोक्याच्या वर, उजवा पाय गुडघ्यात दुमडून वर, आणि पाय पूर्ण वर गेला की त्या क्षणी डोळे आकाशाकडे. बॅट्समन समोर, कॅचर (आपला विकेटकीपर) समोर, आणि हा वर बघतोय! एवढासा क्षण, मग नजर परत खाली, परत कॅचरच्या ग्लोव्हवर आणि बॉल सुटला. क्रिकेटमधे कोच सांगतात टार्गेटवरची नजर हलवू नको, इथे हा माणूस दर बॉलला ती हलवायचा आणि तरी कोपऱ्यात अचूक टाकायचा. शहरातली सगळी पोरं गल्लीत, शाळेच्या मैदानात, पार्किंगमधे आकाशाकडे बघून बॉल फेकायला लागली. आज साठीकडे आलेल्या लोकांना विचारा, उभं राहून ॲक्शन करून दाखवतील, डोळे वर नेऊन.

शरीरयष्टी म्हणाल तर ॲथलीट वाटायचाच नाही, पोट सुटलेलं, केस कानावर आलेले, चेहरा गल्लीतल्या कुणाच्याही मोठ्या भावासारखा. इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण ज्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं त्यातल्या अनेकांच्या घरी हेच होतं, बाप दिवसभर राबून आलाय, इंग्रजी तुटकं, कुठल्याही ऑफिसात कुणी धड बोलत नाही. आणि तिकडे हा मुलगा त्यांच्यासारखाच दिसतो, त्यांच्यासारखाच बोलतो आणि अख्खा देश त्याच्या मागे धावतोय, जूनमधे तर व्हाइट हाऊसमधे रेगन आणि मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लोपेझ पोर्तियो यांच्या भेटीच्या जेवणाला हा हजर.

आता जमिनीची गोष्ट, जी टीव्हीवर सामन्याच्या वेळी कुणी सांगत नाही आणि जी माहीत नसेल तर बाकी काही कळत नाही.

डॉजर स्टेडियम उभं आहे त्या टेकड्यांना चावेझ रॅव्हिन म्हणतात. डाउनटाउनच्या अगदी जवळ. तिथे आधी तीन वस्त्या होत्या, पालो व्हेर्दे, ला लोमा आणि बिशप, जास्त करून मेक्सिकन कुटुंबांच्या. 1950 साली सरकारी गृहनिर्माण खात्याची पत्रं आली की इथे नवीन स्वस्त घरं बांधायची आहेत, तुमची घरं विका, नवीन घरांत पहिला हक्क तुमचा. बरेचजण मिळेल त्या पैशात विकून गेले. मग राजकारण फिरलं, सरकारी घरं म्हणजे कम्युनिझम असा गवगवा झाला, 1953 मधे नवीन मेयर आला आणि प्रोजेक्टच रद्द. घरं गेलेली ती गेलीच. काही मोजकी कुटुंबं हलली नाहीत, वर्षानुवर्षं तिथेच राहिली. तेवढ्यात ब्रुकलिनची डॉजर्स टीम 1958 मधे लॉस एंजेलिसला आली आणि शहराने ही जमीन टीमच्या मालकाला, वॉल्टर ओमॅलीला देऊ केली. 8 मे 1959 ला शेरीफचे लोक शेवटच्या घरांवर आले, आरेचिगा कुटुंबातल्या ऑरोरा व्हार्गास या बाईला हात-पाय धरून उचलून घराबाहेर काढलं, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, आणि मागोमाग बुलडोझर. 1962 मधे स्टेडियम सुरू झालं.

विस्थापन म्हणजे काय ते आपल्याकडे धरणग्रस्तांना आणि गिरणगावातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. ईस्ट साइडच्या अनेक घरांत मग त्या स्टेडियमचं नाव काढलं की म्हातारी माणसं गप्प व्हायची, काहींनी तिथे पाय न ठेवायचं ठरवलं होतं. म्हणजे बघा, शहरात मेक्सिकन वंशाची इतकी लोकं, बेसबॉल त्यांच्या रक्तात (सोनोरा, सिनालोआ हे तर मेक्सिकोतले बेसबॉलवेडे भाग), आणि टीमचं स्टेडियम शहराच्या मधोमध, पण स्टँडमधे ते कमीच. ओमॅलीला हे कळत होतं. ज्यू लोकांचा लाडका ज्यू पिचर सँडी कोफॅक्स 1966 ला रिटायर झाल्यापासून ओमॅली असाच एक मेक्सिकन स्टार शोधत होता जो या लोकांना स्टेडियममधे आणेल. धंद्याचा हिशोब होता तो, हे स्पष्टच म्हणायला पाहिजे. पण फर्नांडोला टीमने घेतलं त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट 1979 मधे, ओमॅली वारला, त्याला फर्नांडो खेळताना बघायला मिळालाच नाही.

1981 च्या त्या उन्हाळ्यात फर्नांडो टाकणार असला की स्टेडियम फुल्ल. आजी-आजोबा, मामा-मावश्या, पोरं असे आख्खे कुटुंबकबिले यायला लागले, मेक्सिकोचे झेंडे घेऊन. जमिनीचा राग गेला का? नाही, आणि जाऊ पण नये, ज्यांची घरं गेली त्यांचे नातू आजही त्याची आठवण काढतात आणि जमिनीबद्दल शहराकडे जाब मागतात. फर्नांडोने तो हिशोब मिटवला असं कुणी लिहिलं की मला पटत नाही, एका पिचरवर एवढा भार टाकणं बरोबर नाही. पण त्याच्यामुळे एक झालं, त्या जागेवर हक्काने जाऊन बसायचं कारण मिळालं. एकाच माणसाच्या मनात दोन्ही राहू शकतं, घर पाडल्याची चीड आणि तिथल्याच मैदानावरच्या पोराचा अभिमान, आणि इथे हजारो घरांत ते तसं राहिलंय.

तिसरी गोष्ट रेडिओ. हाइमे हारीन, मूळचा इक्वेडोरचा, 1959 पासून डॉजर्सची स्पॅनिश कॉमेंटरी करायचा. फर्नांडो आला आणि हारीन एकदम सगळ्यांच्या घरात पोचला, कारण तिकीट परवडत नव्हतं त्या लोकांसाठी रेडिओच स्टेडियम होतं. शिवाय प्रेस कॉन्फरन्समधे फर्नांडोच्या शेजारी बसून हारीनच दुभाष्या. इंग्रजी पत्रकारांनी विचारायचं, हारीनने स्पॅनिशमधे सांगायचं, फर्नांडोने शांतपणे दोन वाक्यात उत्तर द्यायचं. टीमचा कॅचर माइक सोशा त्याच्याशी बोलता यावं म्हणून स्पॅनिश शिकला. माझ्या ऑफिसमधला एक सहकारी ईस्ट साइडच्या बॉइल हाइट्समधे वाढलाय, त्याच्या वडिलांचं गाड्या दुरुस्तीचं काम होतं, तो सांगतो की एरवी गॅरेजात दिवसभर गाणी असायची पण फर्नांडोचा सामना असला की स्टेशन बदलायचं, आवाज मोठा करायचा आणि गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा इनिंग संपेपर्यंत तिथेच उभं राहायचं. त्याला आकडे फारसे आठवत नाहीत. त्याला हारीनचा आवाज आणि ऑइलचा वास आठवतो.

त्या वर्षी जूनमधे खेळाडूंचा संप झाला, सीझनचा मोठा तुकडा वाया गेला, तरीही फर्नांडोने 180 स्ट्राइकआउट (बॅट्समनला बॉल नीट मारूच न देता बाद करणं) घेतले, लीगमधे सगळ्यात जास्त, आणि वर्षातला बेस्ट नवखा खेळाडू आणि बेस्ट पिचर म्हणजे साय यंग, दोन्ही अवॉर्ड एकाच वर्षी घेतले. हे आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. मग वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल मालिका, न्यूयॉर्क यांकीजशी. डॉजर्स पहिले दोन सामने हरलेले. तिसरा 23 ऑक्टोबरला घरच्या मैदानावर, फर्नांडो त्या दिवशी अजिबात लयीत नव्हता, नऊ हिट दिल्या (बॅट्समनने बॉल मारून बाद न होता बेस गाठणं), सात वॉक दिले (चुकीचे बॉल टाकून बॅट्समनला फुकट बेस देणं), चार रन गेले, कुठलाही आजचा कोच त्याला चौथ्या इनिंगमधे बसवेल. लसोर्डाने ठेवलं. त्याने दीडशेच्या आसपास बॉल टाकून सामना स्वतःच संपवला, 5-4 जिंकून. तिथून सिरीज फिरली आणि डॉजर्स 4-2 ने जिंकले. माझ्या मते त्याचं मोठेपण त्या आठ सोप्या वाटणाऱ्या विजयांपेक्षा या एका ओढूनताणून काढलेल्या सामन्यात जास्त दिसतं.

पण इथेच पुढच्या घसरणीचं बीज पण आहे. आज एका पिचरला शंभरेक बॉलनंतर सहसा काढतात. 1986 मधे फर्नांडोने एकट्याने 20 सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत टाकले. आता सगळ्या तीस टीम मिळून अख्ख्या सीझनला असे तीसच्या आसपास होतात. 1982 मधे 285 इनिंग. कधी माघार नाही, कधी दुखतंय म्हणणं नाही. 1988 मधे खांदा गेला आणि त्या वर्षी डॉजर्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा तो खेळूच शकला नाही. लोक म्हणतात स्क्रूबॉलने हात खाल्ला. मला तरी ते एवढं सरळ वाटत नाही, स्क्रूबॉलचा धाक असतो तो कोपराचा आणि याचा गेला खांदा, आणि विशीतल्या पोराकडून सात वर्षं इतकं टाकून घेतलं तर साध्या फास्टबॉलनेही खांदा जाईल. त्याला वापरून घेतलं, असंच मला वाटतं.

तरी 29 जून 1990 ला त्याने सेंट लुईसविरुद्ध नो-हिटर टाकली, म्हणजे पूर्ण सामन्यात समोरच्या टीमला एकही हिट नाही. त्याच संध्याकाळी ओकलंडच्या डेव्ह स्टुअर्टनेही टोरोंटोत नो-हिटर टाकली होती. आणि याच्या नऊ महिन्यांनी, मार्च 1991 मधे सीझन सुरू व्हायच्या तोंडावर, डॉजर्सनी त्याला काढून टाकलं. अनेक चाहत्यांनी टीमला हे कधीच माफ केलं नाही. तो मग इकडे तिकडे खेळत राहिला, 1996 मधे सॅन डिएगोकडून मेक्सिकोतल्या मॉन्तेर्रेला मेजर लीगचा सामना टाकला आणि जिंकला, अमेरिका आणि कॅनडाच्या बाहेरचा तो लीगचा पहिलाच अधिकृत सामना.

नंबरची गोष्ट तर मला फारच आवडते. डॉजर्सचा नियम असा की हॉल ऑफ फेममधे गेलेल्या खेळाडूचाच नंबर रिटायर करायचा (एक जिम गिलियमचा अपवाद), त्यामुळे 34 रिटायर होणं शक्यच नव्हतं. पण क्लबहाऊस सांभाळणाऱ्या मिच पूलने तो नंबर वर्षानुवर्षं कुणाला दिलाच नाही. कुठला कागद नाही, ठराव नाही, नुसतं कपाटातून काढून द्यायचं नाही. फर्नांडो 2003 पासून हारीनच्या शेजारी बसून स्पॅनिश कॉमेंटरी करायला लागला आणि 34 तसाच मोकळा. शेवटी 11 ऑगस्ट 2023 ला टीमने नियम बाजूला ठेवून तो अधिकृतपणे रिटायर केला, त्याच्या हयातीत, हे बरं झालं.

22 ऑक्टोबर 2024 ला तो गेला, 63 वर्षांचा होता. तीन दिवसांनी वर्ल्ड सिरीज सुरू होणार होती आणि समोर परत यांकीज, 1981 नंतर पहिल्यांदाच हे दोघे फायनलला. डॉजर्स बाहीवर 34 चा पॅच लावून खेळले, पाच सामन्यांत जिंकले आणि विजयाची मिरवणूक निघाली ती 1 नोव्हेंबरला, त्याच्या वाढदिवशी.

हे सगळं वाचून त्याला खेळताना बघावंसं वाटलं तर सुरुवात 1986 च्या ऑल-स्टार सामन्यापासून (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना) करा, यूट्यूबवर सापडेल. त्यात त्याने लागोपाठ पाच जणांना स्ट्राइकआउट केलं आणि 1934 च्या कार्ल हबलच्या विक्रमाची बरोबरी केली, हबल म्हणजे तोच वर सांगितलेला, डावखुरा आणि स्क्रूबॉलवाला. पहिले दोन म्हणजे डॉन मॅटिंग्ली आणि कॅल रिपकेन, दोघेही त्या काळातले नावाजलेले बॅट्समन. बघताना बॉलच्या मागे जाऊ नका, बॉल सुटताना त्याचा डावा तळवा कुठल्या बाजूला वळतोय तेवढं बघा, स्लो मोशन लावलं तर उत्तम. रिपकेन उजव्या हाताने खेळायचा, त्यामुळे बॉल बाहेर कसा पळतो ते त्याच्याच वेळी जास्त नीट दिसेल.